दहा मिनिटं गप्प

गॅलरीतला दिवा बंद करा रे कुणीतरी, डोळ्यांवर येतो. आतला राहू दे. सगळाच अंधार केलात तर ही आमची पुतणी किंचाळेल आणि तिची आई उद्या मला चहासुद्धा देणार नाही.

तर बाईसाहेब, नोकरी लागली तुम्हाला. कॅन्सरची नवी गोळी आली की ती माणसाच्या हृदयाचा ताल बिघडवते का, हे कार्डिओग्राम बघून ठरवायचं. चांगलं काम आहे. पण मघाशी जेवताना काय म्हणालीस? "सोपं आहे काका, दोन रेघा मारायच्या आणि मधलं अंतर मोजायचं." मला ठसका लागला ना, तो तिखटाचा नव्हता.

तुझ्या या मैत्रिणींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, मी आयुष्यभर कार्डिओग्रामची मशीनं दुरुस्त केली. वायर तुटली, कागद अडकला, पट्टीवर नुसती गिचमिड आली, की दवाखान्यातून मला फोन. त्यामुळे मशीनचं मला कुणी काही सांगायला येऊ नये. भुताखेतांचंही येऊ नये, कारण त्यातलं मला काही कळत नाही. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलं. त्यानं मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

हा मित्र हृदयाचा डॉक्टर. सगळे त्याला मिलिमीटर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो मनावर घ्यायचा नाही. बायकोनं भिंतीवर फोटो लावला की हा उठून त्याची एक बाजू नखभर वर करणार. कुणाच्या घरी गेला तरी करणार. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे वाद झाला तर तोसुद्धा मोजून होतो." असा माणूस. उतारवयात त्यानं दवाखाना बंद केला आणि हेच तुझं काम धरलं, नव्या गोळ्यांच्या ट्रायलचे कार्डिओग्राम मोजायचं.

आता नीट ऐका, फार सोपं करून सांगतो. ठोका पडला की हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला थोडा वेळ लागतो. कॅन्सरच्या काही गोळ्यांनी हा वेळ लांबतो. थोडा लांबला तर चालतं. फार लांबला तर ठोके भलतीकडेच सुसाट सुटतात, आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. म्हणून सेकंदाचे हजार भाग करायचे आणि त्यातल्या पाचशेवर वेस बांधायची. पाचशेच्या आत असाल तर गोळी चालू. त्या ट्रायलमध्ये नियम असा होता, की एकदा वेस ओलांडली तर गोळी थांबवायची आणि आकडा खाली आला की परत द्यायची. दुसऱ्यांदा ओलांडली की कायमची बंद.

"आणि नाव झाकलेलं असतं काका. पेशंट कोण ते मोजणाऱ्याला कळत नाही."

बरोबर. दोघं जण वेगवेगळे मोजतात. त्यांचं जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जातं, आणि तिसरा म्हणेल तो आकडा खरा. तो तिसरा म्हणजे मिलिमीटर.

त्यांचं ऑफिस एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. सोयीचं म्हणून कार्डिओग्राम काढायची खोली आणि मोजायची खोली शेजारी शेजारी, मध्ये प्लायवुडची भिंत. खरं तर असं असू नये, पण भाडं वाचतं ना. तिथे काढण्याआधी पेशंटला दहा मिनिटं निजवून ठेवायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही, फोन नाही. हृदय शांत झालं की मगच पट्टी काढायची.

ट्रायलमध्ये एक बाई होत्या, शाळेची व्हॅन चालवायच्या. फुफ्फुसाचा कॅन्सर. नवरा नव्हता, एक मुलगी शेवटच्या वर्षाला. बोलायला अशा, की दहा मिनिटं गप्प राहणं म्हणजे त्यांना शिक्षा. सुटल्या की बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभ्या राहायच्या आणि समोर येईल त्याला धरायच्या. एकदा मिलिमीटर सापडला.

"डॉक्टर, दहा मिनिटं गप्प होते मी! व्हॅनमधल्या पोरांना सांगितलं तर म्हणतील, मावशी थापा मारते."

मिलिमीटर हसला. मग दर वेळी दोन शब्द व्हायला लागले. तो कोण, काय करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑफिसातला कुणी डॉक्टर, एवढंच. त्या सांगायच्या, आधी जिना चढताना दर पायरीला धाप लागायची, आता एका दमात चढते. पुढच्या आठवड्यापासून परत व्हॅन हातात घेणार. एकदा म्हणाल्या, "मध्ये एकदा थांबवली होती गोळी. काहीतरी वेस असते म्हणे. आता परत ओलांडली तर नाव कापणार. पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी चालू राहू दे हो."

त्यांनी काही मागितलं नव्हतं. आपण नाही का डॉक्टर दिसला की बोलतो, तसं बोलल्या.

आणि पंधरा दिवसांनी एक कार्डिओग्राम मिलिमीटरच्या स्क्रीनवर आला. दोघांचं जुळत नव्हतं. एक म्हणत होता वेशीच्या आत, दुसरा म्हणत होता बाहेर. नाव झाकलेलं होतंच. पण आयुष्यभर पट्ट्या बघितलेल्या माणसाला चाल ओळखू येते, जशी आपल्याला जिन्यावरची पावलं ओळखू येतात. मागे गोळी थांबली ती पट्टीही त्यानंच मोजली होती, आणि कूलरपाशी ताई बोलल्या तेव्हा दोन्ही जुळलं होतं. त्यानं एका नजरेत ओळखलं. व्हॅनवाल्या ताई.

पट्टीवर ठोक्यानंतर एक टेकडी येते. ती जिथे उतरून जमिनीला टेकते, तिथे दुसरी रेघ मारायची. या पट्टीत त्या टेकडीच्या उतारावर अजून एक छोटी टेकडी बसली होती. ती वेगळी मानली तर सोडून द्यायची, आणि आकडा वेशीच्या आत. त्याच टेकडीचा भाग मानली तर मोजायची, आणि आकडा बाहेर. वेगळी की एकच, हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर.

"मग त्याची चूक झाली?"

नाही गं. चूक झाली असती तर मी ही गोष्ट कशाला सांगितली असती? त्याला स्वच्छ दिसत होतं की ती एकच टेकडी आहे. खरा आकडा पाचशे सोळा. त्यानं मधे रेघ मारली, चारशे चौऱ्याण्णव लिहिलं आणि सही केली.

मला म्हणाला, "त्या रात्री मला इतकी छान झोप लागली म्हणून सांगू. मी कुणाचं तरी भलं केलं, असं वाटत होतं. दोन दिवस मी शीळ घालत फिरत होतो." हे सांगताना त्याचा चेहरा मला बघवेना.

नवव्या दिवशी ताई गेल्या. शाळा सुटल्यावर मुलांना घरोघरी सोडलं, शेवटचं मूल उतरलं, फाटकातून आत गेलं. ताईंनी हात हलवला. व्हॅन जागची हललीच नाही. मुलाची आई काय झालं म्हणून बघायला आली, तर यांचं डोकं स्टिअरिंगवर.

त्यांच्या कागदांवर काय लिहिलं गेलं? शेवटचा कार्डिओग्राम वेशीच्या आत, तेव्हा गोळीचा दोष नाही. मूळ आजारानं गेल्या. आणि गोळीचा दोष नाही म्हटल्यावर त्याच डोसवर नवीन डझनभर माणसं घ्यायचं ठरलं. सोमवारी सकाळी त्यांना पहिली गोळी मिळणार होती.

मिलिमीटर गप्प राहिला. सही केलेला आकडा बदलायचा तर कारण द्यावं लागतं. काय देणार? मला दया आली म्हणून? आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी त्याला मानलं, तीच त्यानं विकली होती, आणि तीही फुकट. तो स्वतःला समजावत राहिला, की गेलेलं माणूस तर परत येत नाही. नवीन लोकांचं ते नवीन लोक बघतील. त्याचं जेवण सुटलं. वहिनींना वाटलं, ॲसिडिटी.

तर तो शनिवार. सोमवारच्या आधीचा. नोव्हेंबरातला तिसरा, थंडी नुकती पडायला लागली होती. जेवणं झाल्यावर मिलिमीटरच्या लक्षात आलं, की वाचायचा चष्मा ऑफिसात राहिला. पहाटेच्या गाडीनं मुलाकडे जायचं होतं, आणि चष्म्याशिवाय हा आंधळा. वहिनी म्हणाल्या, जाऊन घेऊन या, पंधरा मिनिटांचं काम. तो निघाला. पावणेदहा झाले होते.

खाली वॉचमन रेडिओ ऐकत बसला होता. किल्ली दिली. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर त्या ऑफिसात दिवे कसे होते, ते सांगून ठेवतो. बटणंच नव्हती. कुणी हललं की दिवा लागायचा, थोडा वेळ कुणीच हललं नाही की आपोआप विझायचा. वीज वाचवायला. दिवसा लोक वैतागायचे, विचार करत बसलं की अंधार.

हा खोलीत शिरला, दिवा लागला. खणात चष्मा होता. त्यानं तो खिशात टाकला. आणि निघणार, तेवढ्यात प्लायवुडच्या पलीकडे कॉट करकरली.

कुणीतरी कूस बदलावी, तशी.

त्याला वाटलं, झालं! टेक्निशियन पोरगी पेशंटला निजवून घरी निघून गेली. तिचं लग्न ठरलं होतं, हल्ली तिचं लक्ष नसायचं. हा तावातावानं शेजारच्या खोलीत गेला. दार ढकललं, वरचा दिवा लागला.

कॉटवर एक बाई निजली होती. तोंड भिंतीकडे. चादर खांद्यापर्यंत ओढलेली.

"अहो ताई, सगळे घरी गेले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

बाईंनी पाठमोऱ्याच, चादरीतून हात वर काढला. एक बोट उभं केलं.

गप्प.

आता दुसरा कुणी असता तर पुढे झाला असता, हाक मारली असती. पण हा मिलिमीटर. निजलेल्या पेशंटची दहा मिनिटं मोडायची नाहीत, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. तो मुकाट्यानं दाराजवळच्या स्टुलावर बसला. मला म्हणाला, "का बसलो ते मला आजही सांगता येत नाही. सवय रे."

तो बसून राहिला. ती निजून राहिली. कुणीच हललं नाही.

दिवा विझला.

अंधारात त्याला श्वास ऐकू येत होता. तो ऐकत राहिला. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं, की श्वास एकच आहे. त्यानं आपला श्वास रोखून धरला.

खोलीत काहीच ऐकू येईना.

त्यानं परत श्वास घेतला. तोच एक आवाज.

मग कॉट करकरली. पाय खाली सोडल्याचा आवाज. चप्पल चाचपल्याचा. बाई उठून बसली होती, त्याच्यापासून दोन हातांवर.

दिवा लागला नाही.

"काका, थांबा, हिचा चेहरा बघा ना..." काय झालं पोरींनो? मैत्रिणीचा हात सोड, दुखेल तिला. पाणी पी. सांगू ना पुढे?

त्याला हात हलवायचा होता. नुसता हात हलवला असता तरी दिवा लागला असता. हात उचलेना.

"डॉक्टर."

आवाज ओळखीचा. कूलरपाशी ऐकलेला. पण त्यात ते हसणं नव्हतं.

"माझं किती आलं होतं?"

आणि बघा माणूस कसा असतो. समोर कोण बसलंय ते कळलंय, का बसलंय तेही कळलंय. तरी तोंडातून काय निघालं?

"चारशे चौऱ्याण्णव."



"बरं." मग जरा थांबून, "म्हणजे सोमवारी त्या सगळ्यांना द्यायला हरकत नाही."

रागानं नाही हं. व्हॅनमध्ये पोरं मोजताना म्हणावं, सगळे आले ना, तसं.

त्यानं अंधारातच डोळे मिटून घेतले.

"उठा. तुम्ही निजा आता. दहा मिनिटं. बोलायचं नाही."

तो उठला. चाचपडत कॉटवर गेला, आडवा झाला. दिवा याही वेळी लागला नाही, तो हलत होता तरी. कॉट थंडगार होती. आत्ता तिच्यावर कुणी निजलं होतं, आणि ती थंडगार होती...

पलीकडे स्टूल वाजलं. कुणीतरी बसलं.

दहा मिनिटं. घड्याळ दिसत नव्हतं, पण त्याला दहा मिनिटं अंदाजानं कळतात. त्याला आपले ठोके ऐकू येत होते. कानांत. आधी धावत होते, मग हळू झाले. मग त्याला ती माणसं दिसायला लागली. सोमवारची. त्यानं त्यांना कधी बघितलं नव्हतं. तरी कुणी जिना चढत होतं. कुणी पोराच्या डब्याचं झाकण लावत होतं. कुणी गाडी चालवत होतं...

स्टूल वाजलं. जवळ आलं.

"किती?"

त्याला वाटलं आपण ओरडतोय. पण आवाज फुटला तो कुजबुजल्यासारखा.

"पाचशे सोळा."

काही नाही.

"पाचशे सोळा, ताई. मला दिसत होतं. मला तेव्हाच दिसत होतं..."

काही नाही.

तो रडत होता. रडताना खांदे हलले, आणि फटकन दिवा लागला. स्टूल कॉटला चिकटून होतं. खोलीत तो एकटा.

तो घरी गेला नाही. जिन्यातच बसून त्यानं ट्रायलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या झोपेतून उठल्या. हा म्हणाला, "व्हॅनवाल्या बाईंचा शेवटचा आकडा खोटा आहे. चूक नाही, खोटा. मी लिहिला. सोमवारी कुणाला गोळी देऊ नका." बाईंना वाटलं हा प्यायलाय. मग त्यांनी रातोरात ती पट्टी तिघांकडून मोजून घेतली. तिघांचंही पाचशेच्या वर आलं.

सोमवारी गोळी दिली नाही. पुढे डोस निम्मा करून दिली. निम्म्या डोसवरसुद्धा दोघांचा आकडा वेशीपर्यंत पोचला होता, तेव्हा पूर्ण डोसवर काय झालं असतं ते तूच सांग, तुला समजतं. ती माणसं वाचली. मिलिमीटरचं काम गेलं, चौकशी झाली, नाव खराब झालं. त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही. अंधारातलं मात्र त्यानं चौकशीत सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार?

मग तो ताईंच्या मुलीला भेटायला गेला. मी होतो सोबत, त्याला एकट्याला जाववेना. तिनं दारातच उभं राहून सगळं ऐकून घेतलं. हा हात जोडून म्हणाला, "मला वाटलं, त्यांना गोळी हवी होती."

मुलगी म्हणाली, "हवीच होती. धोका आहे म्हणून सांगितलं असतंत तरी कदाचित ती घेतेच म्हणाली असती. पण व्हॅन चालवली नसती तिनं. पोरं बसवली नसती. तुम्ही तिला विचारलंच नाहीत, काका."

आणि तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. विचारलंच नाहीत, हे त्याला लागलं ते लागलंच. पोरी, तू उद्या जेव्हा रेघ मारशील ना, तेव्हा कुणाचं भलं करायला जाऊ नकोस. दिसतं ते लिही. पुढचं ज्याचं त्याला ठरवू दे.

"झाली गोष्ट?"

जवळजवळ. एवढंच राहिलं.

गेल्या वर्षी मिलिमीटरच्या छातीत दुखायला लागलं. वहिनींनी त्याला इस्पितळात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तर तिथे धावपळ. नर्सनं त्याला कार्डिओग्राम लावला होता आणि पट्टीवर रेघ आली होती, सरळ. ठोकाच नाही. आणि हा कॉटवर बसून विचारतोय, काय झालं म्हणून! वायर सैल असेल म्हणून बदलल्या. दुसरं मशीन आणलं. परत सरळ.

मी म्हटलं, सरका, हे माझं काम आहे. माझ्या गाडीत मशीन असतं, ते आणलं. आधी स्वतःला लावलं. माझी पट्टी छान आली, टेकड्याबिकड्या सगळं. त्याच वायरी माझ्या अंगावरच्या काढून त्याच्या छातीवर लावल्या. बटण दाबलं. कागद सरकायला लागला...

सरळ रेघ.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर तीन इस्पितळं झाली. प्रत्येक ठिकाणी मशीन बदलतात, माणसं बदलतात. त्याच्या हृदयाची पट्टी निघत नाही. दुखणं आहे, पण काय आहे ते कुणाला मोजता येत नाही. डॉक्टर अंदाजानं औषध देतात. परवाच जाऊन आलो त्याच्याकडे. पुन्हा एकदा लावून बघितलं. मशीनमधून सरळच रेघ निघत होती, आणि त्याचं मनगट माझ्या हातात होतं.

नाडी चालू होती.